घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत : सुरुवात कशी करावी?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात युवक-युवती व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आमच्या भाषणाचा विषय जाहीर केला तेव्हा सभागृहात थोडे हसू पिकले, ते आम्ही पाहिले. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे बसलेला कारकून, शिक्षण कला शाखेचे, पदवी मराठीची. त्याने इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर काय बोलावे? तुमचे हसणे योग्यच आहे. आम्हाला पेटीवर सा कोठे आहे हेही शोधावे लागते. परंतु गेली तीन वर्षे आमच्या कल्याणच्या दोन खोल्यांत हे संगीत तयार होत आहे. आमची थोरली मुलगी ते रचते. आम्ही आधी विरोध केला, मग चुका केल्या आणि शेवटी तिच्या शेजारी बसून थोडेफार शिकलो. म्हणून या भाषणात 'आम्ही' असे जेथे जेथे येईल, तेथे कधी आम्ही एकटे तर कधी आम्ही दोघे बाप-लेक, असे समजून घ्यावे.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. आपल्या वस्तीत आज किती तरी घरांत एकच वाद चालू आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला ट्रॅक बनवायचा आहे. आई-वडील म्हणतात, आधी अभ्यास कर. मग कोणी रागाने, कोणी लाडाने हप्त्यावर सामान आणतो. बँकेत बसल्यामुळे या गोष्टीचे दुसरे टोकही आमच्या नजरेस पडते. वर्ष-दीड वर्षाने हप्ते थकलेले असतात, कीबोर्डवर धूळ बसलेली असते आणि एकही रचना पूर्ण झालेली नसते. पैसाही गेला आणि हौसही गेली. हे टाळता येते, एवढेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आमचे वडील रेल्वेत खलाशी होते. कॉलेजात असताना आम्ही एक जुना बेंजो विकत घेण्याचा हट्ट धरला होता. वडील रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले, "याने पोट भरेल का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. बेंजो आला नाही. पुढे आमची मुलगी बारावीच्या सुट्टीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानाला हेडफोन लावून बसू लागली, तेव्हा आम्ही तिला तेच वाक्य, त्याच शब्दांत ऐकविले. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आधी ऐका तरी." वाक्य तोंडातून गेल्यावर आमच्या लक्षात आले की ते आमचे नाही, वडिलांचे आहे. मग आम्ही ऐकायला बसलो.

हे संगीत कोणाचे?

आमचा समज असा होता की हे श्रीमंतांच्या पोरांचे संगीत. रंगीत दिवे, महागडी तिकिटे आणि परदेशी डीजे. माहिती घेतली तेव्हा हा समज पार उलटा निघाला.

अमेरिकेतील शिकागो शहरात १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा एक क्लब सुरू झाला. तेथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे तरुण होते आणि त्यांतील अनेक जण समलिंगी होते. म्हणजे समाजाने दोन-दोन वेळा उंबऱ्याबाहेर ठेवलेली ही माणसे. फ्रँकी नकल्स नावाचा डीजे तेथे तबकड्या वाजवीत असे. या वेअरहाऊसच्या नावावरूनच 'हाऊस' हे संगीताचे नाव रूढ झाले, असे मानतात. १२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातील बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतले. तरीही नाचणारे नाचतच होते. मग तेथील तरुण स्वतःच घरी संगीत बनवू लागले. जेसी सॉन्डर्स यांची १९८४ मधील 'ऑन अँड ऑन' ही पहिल्या हाऊस तबकड्यांपैकी एक समजली जाते.

त्यांनी वापरलेल्या यंत्रांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ठेका वाजविणारे यंत्र काढले. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नव्हता, आणि १९८३ मध्ये ते बंद झाले. त्याच कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेले. तेही बाजारात चालले नाही आणि १९८४ मध्ये बंद झाले. अशी नाकारलेली यंत्रे जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या 'फ्यूचर' नावाच्या गटातील डीजे पिअर आणि त्याच्या मित्रांच्या हाती असेच एक ३०३ आले. ते कसे चालवावे याची त्यांना नीट माहिती नव्हती. ते बटणे फिरवीत राहिले. त्यातून जो चिरकणारा, वळसे घेणारा आवाज निघाला तो त्यांनी तसाच धरून ठेवला. १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली आणि 'ॲसिड हाऊस' नावाची एक शाखाच सुरू झाली.

दुसरे शहर डेट्रॉईट. मोटारींच्या कारखान्यांचे शहर. कारखाने ओस पडत चाललेले. जवळच्या बेलव्हिल गावातील शाळेत हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन हे तीन कृष्णवर्णीय मित्र शिकत होते. ॲटकिन्सला त्याच्या आजीने एक सिंथेसायझर घेऊन दिला. त्या एका वाद्यावर आणि कॅसेट डेकवर, एका आवाजावर दुसरा चढवीत, त्याने घरी पहिले प्रयोग केले. १९८८ साली इंग्लंडमध्ये या शहराच्या संगीताचा एक संग्रह निघाला आणि 'टेक्नो' हे नाव जगाला कळले. बंधू-भगिनींनो, त्या आजीला टेक्नो कळत नव्हते. तिने नातवाला "पोट भरेल का" असे विचारले की नाही, ते आम्हाला ठाऊक नाही. पण वाद्य घेऊन दिले, एवढे खरे.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईची. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजविणारे वादक. त्यांनी १९८२ साली याच ८०८ आणि ३०३ यंत्रांवर, आणखी एक सिंथेसायझर जोडीला घेऊन, भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' असे त्या तबकडीचे नाव. शिकागोच्या ॲसिड हाऊसआधी ती पाच वर्षे निघाली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झाले. चरणजीत सिंग २०१५ साली गेले. उशिरा का होईना, कौतुक त्यांना पाहावयास मिळाले.

या तिन्ही गोष्टींतून आम्ही एवढाच बोध घेतला : सामान जमविणे म्हणजे सुरुवात नव्हे. हाताशी आहे त्यावर बसणे, कानाला ओळखीचे आहे तेथून निघणे आणि हाती घेतलेले पूर्ण करणे, ही सुरुवात होय. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिली गोष्ट : सामान

त्या काळी ज्यासाठी खोली भरून यंत्रे लागत, ते सर्व आज संगणकातील एका सॉफ्टवेअरमध्ये मावते. घरात साधा लॅपटॉप असेल तर एलएमएमएस हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. ॲपलचा फोन किंवा संगणक असेल तर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. साध्या मोबाईलवर बँडलॅब चालते. आपल्याकडील बहुतेक मुले एफएल स्टुडिओ वापरतात. बेल्जियममधून आलेले हे सॉफ्टवेअर पूर्वी 'फ्रूटीलूप्स' म्हणून ओळखले जात असे. त्याची चाचणी प्रत मोफत आहे, पण तिच्यात जतन केलेले काम पुन्हा उघडून पुढे नेता येत नाही, हे आधीच जाणून असावे. चोरलेली प्रत मात्र घेऊ नये. ती चोरी तर आहेच, शिवाय तिच्यातून संगणकात व्हायरस शिरतात.

दुसरी वस्तू म्हणजे हेडफोन. तो वायरचा घ्यावा. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही. पण आपण कळ दाबली आणि आवाज मागून आला, तर ठेका कधीच हाताला बसत नाही. पहिल्या वर्षी याहून अधिक काही लागत नाही. कीबोर्ड नसला तरी चालतो. स्वर उंदराने चौकोनांत मांडता येतात.

आम्ही काय केले? विरोध सोडला आणि बाप म्हणून एकदम उत्साहात आलो. तिला विचारलेही नाही आणि दोन मोठे स्पीकर हप्त्यावर घेऊन आलो. दहा बाय दहाच्या खोलीत ते भिंतीला चिकटून ठेवावे लागले. अशा खोलीत खालचे स्वर कोपऱ्यात साठतात. एका जागी बसले तर बेस गडगडतो, दोन पावले सरकले तर नाहीसा होतो. त्यावर काय ऐकावे आणि काय ठरवावे? वर शेजारच्या आजींनी दार ठोठावले ते निराळेच. सहा महिन्यांत ते स्पीकर निम्म्या किमतीला विकले. हप्ते मात्र पुढे आठ महिने आमच्याच पगारातून जात राहिले. कर्जाचे अर्ज रोज तपासणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याचे आम्हाला अजून हसू येते आणि थोडी लाजही वाटते.

दुसरी गोष्ट : सोळा चौकोन

सॉफ्टवेअर उघडले की ठेक्यासाठी एका ओळीत सोळा चौकोन दिसतात. आम्ही ते प्रथम पाहिले तेव्हा मुलीला म्हटले, "अगं, हा तर तीनताल." सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. ती हसली, पण तुलना अगदीच चुकीची नाही.

पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या चौकोनात 'किक' ठेवावी. किक म्हणजे मोठ्या ढोलाचा 'ढम' असा आवाज. पाचव्या आणि तेराव्या चौकोनात टाळीचा आवाज ठेवावा. तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्या चौकोनात झांजेसारखा उघडा 'हाय-हॅट' ठेवावा. गती मिनिटाला १२५ ठोके ठेवावी. बस, हाऊसचा ठेका सुरू झाला. आमच्या मुलीच्या आठ वर्षांच्या भावाने हा ठेका दहा मिनिटांत मांडून दाखविला.

तीनतालात नववी मात्रा खाली असते. या संगीतात मात्र किक तेथेही पडते. म्हणून लोक न थांबता नाचतात, आणि म्हणूनच नुसता ठेका दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो. मग या संगीताची खाली कोठे असते? ती पुढे येते. काही आवर्तने किक पूर्णपणे काढून घेतात, ऐकणारा तिची वाट पाहू लागतो आणि मग ती परत आणतात. ती परत आली की सभागृह उसळते. त्या क्षणाला 'ड्रॉप' म्हणतात. समेवर येण्याचा जो आनंद आपण तबल्यात घेतो, त्याच जातीचा हा आनंद आहे.

आणखी एक बारकावा. सर्व ठोके सारख्याच जोराचे आणि अगदी रेषेवर ठेवले तर ठेका शिवणयंत्रासारखा वाटतो. हाय-हॅटचे काही ठोके हलके करावेत आणि सम संख्येच्या चौकोनांतील ठोके केसभर मागे सरकवावेत. चांगला ढोलकीवाला हे नकळत करतो. यंत्राला ते सांगावे लागते.

तिसरी गोष्ट : स्वर आणि बेस

स्वरज्ञान नसेल तर काय करावे? आम्हाला उपयोगी पडलेली युक्ती सांगतो. पेटीच्या किंवा कीबोर्डच्या फक्त काळ्या पट्ट्या वापराव्यात. त्यांत दोन पट्ट्यांचा आणि तीन पट्ट्यांचा असे गट दिसतात. तिनांच्या गटातील पहिली पट्टी सा धरली, तर पाच काळ्या पट्ट्यांत भूपाचे सा, रे, ग, प, ध मिळतात. या पाच स्वरांना कोणत्याही क्रमाने वाजविले तरी कानाला फारसे खटकत नाही. दोन-तीन स्वरांची लहानशी ओळ करावी आणि ती फिरवीत राहावी. या संगीतात चाल लांबलचक असण्याची गरज नसते. तोच तुकडा फिरत असताना त्याचा रंग हळूहळू बदलत जाणे, हे त्याचे सौंदर्य. ३०३ च्या बटणांवर शिकागोच्या मुलांनी नेमके हेच केले.

बेसचे स्वर खालचे असतात आणि किकचा आवाजही खालचाच. दोन्ही एकाच वेळी आले की लोकलच्या दारात दोन माणसांनी एकदम चढावे तसे होते; कोणीच आत जात नाही. म्हणून बेस किकच्या मधल्या जागेत ठेवावा. किंवा किक पडताक्षणी बेस आपोआप खाली दबेल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, तिला 'साइडचेन' म्हणतात, ती वापरावी. बाकीच्या वाद्यांतील खालचा घुमारा फिल्टरने काढून टाकावा. नवशिक्याची रचना बहुधा कल्पना कमी पडल्याने बिघडत नाही. ती या गर्दीने बिघडते.

चौथी गोष्ट : पूर्ण करणे

आता सर्वांत अवघड भाग. आमच्या मुलीच्या संगणकात पहिल्या वर्षाअखेर ४३ फाइली होत्या. प्रत्येकीत आठ आवर्तनांचा, म्हणजे सुमारे पंधरा सेकंदांचा तुकडा. सगळे छान आणि सगळे अर्धवट. आम्ही कारकुनी सवयीने त्यांची यादी केली आणि तिच्यापुढे ठेवली. ती एवढेच म्हणाली, "पप्पा, एकही खाते बंद झालेले नाही." दुसऱ्या दिवशी तिने नियम केला : जुने पूर्ण झाल्याशिवाय नवीन उघडायचे नाही.

पूर्ण कसे करावे? मिनिटाला १२५ ठोके असता चार ठोक्यांच्या एका आवर्तनाला १.९२ सेकंद लागतात. म्हणजे ३२ आवर्तनांचे साधारण एक मिनिट. तिने कागदावर हिशेब मांडला. आरंभी १६ आवर्तने नुसता ठेका, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्यातून यात येता येते; मग ३२ आवर्तने मुख्य भाग; १६ आवर्तने किक काढून घेतलेली; पुन्हा ३२ आवर्तने मुख्य भाग, पण काही नवे घालून; शेवटी १६ आवर्तने एकेक वाद्य कमी करीत. एकूण ११२ आवर्तने, ३ मिनिटे ३५ सेकंद. दर आठ आवर्तनांनी काहीतरी एक बदलले पाहिजे : एक आवाज आला पाहिजे किंवा गेला पाहिजे. आवडत्या ट्रॅकचा असाच आराखडा घड्याळ लावून कागदावर उतरविणे, हा उत्तम अभ्यास आहे. त्याला एक पैसा लागत नाही.

पहिली रचना पूर्ण झाली ती आमच्या पुतणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी. आम्ही अभिमानाने सर्वांना सांगितले की आज आमच्या पोरीचे गाणे वाजणार. वाजले. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मांडवातील मोठे स्पीकर घरघरू लागले, नुसता गडगडाट झाला, चाल ऐकूच येईना. नाचणारी मुले थांबली. कोणीतरी ओरडले, "दुसरे लाव रे!" मुलगी मांडवाच्या मागे जाऊन उभी राहिली. आम्ही जवळ गेलो, पण काय बोलावे ते सुचेना.

चूक कोठे झाली, ते पुढे कळले. तिचा स्वस्तातला हेडफोन खालचे स्वर कमी ऐकवीत असे. म्हणून तिने बेस वाढवीत नेला होता. मांडवातील स्पीकरांनी तो खरा किती आहे ते दाखविले. शिवाय एकूण आवाज शून्य डेसिबलच्या रेषेवर गेला होता. संगणकात ही रेषा म्हणजे छत आहे. आवाज तिच्यावर गेला की लाटेचे टोक कापले जाते आणि घरघर येते. म्हणून काम करताना सर्वांत मोठा आवाजही त्या रेषेच्या पाच-सहा डेसिबल खाली ठेवावा. शेवटी हवा तर वाढविता येतो. आपली रचना एखाद्या नामांकित रचनेशेजारी, दोन्हींचा आवाज सारखा करून, ऐकावी. मोबाईलवर, रिक्षातल्या स्पीकरवर, शेजाऱ्याच्या टीव्हीवरही ऐकावी. जी सगळीकडे बरी वाजते ती झाली.

त्या रात्रीनंतर ती सोडून देईल असे आम्हाला वाटले होते. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मांडवात वाजले म्हणून चूक कळली. घरात कधीच कळली नसती." अर्धवट ४३ फाइलींनी जे शिकविले नाही, ते एका पूर्ण झालेल्या आणि फसलेल्या रचनेने शिकविले.

पाचवी गोष्ट : दुसऱ्याचा घाम

या संगीतात जुन्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून वापरण्याची पद्धत आहे. त्याला 'सॅम्पल' म्हणतात. याबाबत एक हकिकत अवश्य सांगितली पाहिजे. 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ मधील 'आमेन, ब्रदर' या ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने सहा-सात सेकंद एकट्याने ठेका वाजविला आहे. तेवढा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. 'ड्रम अँड बेस'सारखी शाखा त्यावर उभी राहिली. कोलमनला त्याचे मानधन म्हणून काही मिळाले नाही. २००६ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याला राहायला घरही नव्हते.

ज्यांच्या आजा-पणजांच्या कष्टाचे मोल कधी कोणी दिले नाही, त्यांनी तरी दुसऱ्याचा घाम फुकट वापरू नये, असे आम्हाला वाटते. कायदाही तेच सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावर ६० वर्षे हक्क राहतो; संगीतरचनेवर रचनाकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे. एखाद्या लोकप्रिय गाण्याला ढमढम लावून ते आपल्या नावाने टाकणे म्हणजे रचना नव्हे. सराव म्हणून घरी करावे. बाहेर देताना परवानगी घ्यावी. आणि आपली रचना बाहेर दिली, तर तिच्या तारखांची, फाइलींची आणि हक्काची कागदपत्रे नीट ठेवावीत. हे आम्ही कारकून म्हणून सांगतो.

सहावी गोष्ट : कान आणि शेजार

कान गेले की सगळे गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, असा हिशेब आहे. म्हणून हेडफोन हळू ठेवावा आणि तासाला दहा मिनिटे विश्रांती घ्यावी. कानात शीळ वाजू लागली तर त्या दिवशी काम बंद करावे. हळू आवाजात जी रचना चांगली वाटते, ती मोठ्याने चांगलीच वाटते. उलट मात्र खरे नसते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, ती पाळावी. शेजारी झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या कलेची शिक्षा का द्यावी?

शेवटी

आता त्या जुन्या प्रश्नाकडे येतो. पोट भरेल का? आजवर आमच्या मुलीला या संगीतातून पोट भरण्याइतके काही मिळालेले नाही, हे आम्ही स्वच्छ सांगतो. ती बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तो अभ्यास तिने सोडू नये असे आमचे मत आहे, तिचेही आहे. पण सर्वच गोष्टींना आधी पोटाचा प्रश्न विचारला, तर शिकागोच्या त्या मुलांनी बटणे फिरविलीच नसती.

गेल्या वर्षी आमच्या मागल्या गल्लीतील बँडमधले एक वयस्कर बेंजोवादक तिने घरी बोलाविले. त्यांच्याकडून दोन तुकडे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घेतले, परवानगी लिहून घेतली, ठरलेले मानधन हातात दिले. त्या बेंजोभोवती तिने १२२ ठोक्यांचा ठेका उभा केला आणि रचनेवर आपल्या नावाशेजारी त्यांचे नाव घातले. यंदा पुतण्याच्या हळदीला ती रचना वाजली. स्पीकर घरघरले नाहीत. मधल्या सोळा आवर्तनांत किक थांबली, नुसता बेंजो राहिला आणि मांडवातील सगळी माणसे हात वर करून वाट पाहत उभी राहिली. मग ठेका परत आला. आम्ही कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो. जो बेंजो आमच्या घरात कधी आला नाही, तो असा आला.

पालकांना आमची विनंती आहे की हप्ता भरण्याआधी मुलांसोबत एक तास ऐकायला बसा. तरुणांना एवढेच सांगणे आहे की आज घरी गेल्यावर जो फोन किंवा संगणक आहे तो उघडा, सोळा चौकोनांत चार ठोके मांडा, आणि पुढच्या मेळाव्याला येताना अर्धवट दहा तुकडे आणू नका. साधी का होईना, एक पूर्ण रचना घेऊन या. ती फसली तरी चालेल. आम्ही ऐकू.